कोंबडीला घाम येत नाही

मे महिन्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात दोन माणसं भेटली की पहिलं बोलणं पाऱ्याचं. काल चंद्रपूर किती, ब्रह्मपुरी किती, आपण किती. पंचेचाळिसाच्या खाली असलं तर ‘आज बरं आहे’ म्हणायची पद्धत. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो, आणि मग दुपारी बारा ते पाच गावातल्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, पन्हं पितात, कूलरसमोर आडवी होतात. माझ्या शेतातल्या शेडमध्ये मात्र तेव्हा पाच हजार जीव असे असतात, ज्यांना घामच येत नाही.

मी समुद्रपूर तालुक्यात करारावर ब्रॉयलर कोंबड्या वाढवते. पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी, मजुरी आणि जागरण माझं. बॅच गेली की हिशेब होतो. मरतूक किती, एक किलो वजनाला खाद्य किती लागलं, यावर किलोमागचा मोबदला ठरतो. त्यामुळे उन्हाळा ही माझ्यासाठी हवामानाची बातमी नाही, ती हिशेबाच्या वहीतली ओळ आहे. गावात लोक विचारतात, ‘वहिनी, तुमच्या कोंबड्यांना एसी लावला का?’ एसी नाही. पण कोंबडीचं शरीर कसं चालतं हे कळलं, तर चुना, पाणी, गोणपाट आणि घड्याळ एवढ्यावर बरंच साधतं. त्यातही घड्याळ सगळ्यात महत्त्वाचं, कारण दुपारी तीनला मरणारी कोंबडी वाचवायची ती सकाळी सहालाच.

श्वास हाच घाम

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच 41 ते 42 अंश असतं. आपल्याला जो सणसणीत ताप वाटेल, ती तिची रोजची तब्येत. तिच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी नाहीत आणि वरून पिसांचं पांघरूण. हवा साधारण 18 ते 25 अंशांत असेल तर मोठ्या पक्ष्याला फारसं काही करावं लागत नाही. तुरा, चोचीखाली लोंबणारे गलोल आणि उघडे पाय यांतून जास्तीची उष्णता आपोआप निघून जाते. हवा 30 अंशांच्या पुढे गेली की तो पंख अंगापासून दूर धरतो, म्हणजे काखेतली विरळ पिसांची जागा उघडी पडते. त्यानेही भागेना की चोच उघडून धापा टाकायला लागतो. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस वेळा चालणारा श्वास दीडशेच्याही पुढे जातो. घशातल्या आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्याची वाफ होते, आणि ती वाफ उष्णता घेऊन बाहेर पडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता उचलली जाते. कोंबडीकडे शेवटचा उपाय हा एवढाच.

पण हा उपाय फुकटचा नाही. एक तर धापा टाकायला स्नायू लागतात, आणि स्नायू चालले की त्यांची आणखी उष्णता तयार होते. दुसरं म्हणजे भराभर श्वास सोडताना कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. रक्तातलं आम्ल कमी होतं, बायकार्बोनेटचा साठा घटतो, पोटॅशियमसारखे क्षार लघवीवाटे वाहून जातात. शरीराचं तापमान 46-47 अंशांवर पोचलं की पक्षी संपतो. म्हणजे रोजच्या तब्येतीपासून मरणापर्यंतचं अंतर पाच अंशांचं.

शहरातल्या वाचकांना यातला एक भाग घरबसल्या दिसतो. मे महिन्यात अंड्यांचं कवच पातळ होतं. पिशवीतून घरी आणेपर्यंत एखादं तडकतं. अंड्याच्या कवचाचा जवळजवळ 95 टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यातला कार्बोनेट रक्तातूनच यायचा असतो, आणि धापा टाकणाऱ्या कोंबडीने तो हवेत सोडून दिलेला असतो. शिवाय खाणं कमी झाल्यामुळे कॅल्शियमही कमी पडतं. अमेरिकेत 1980च्या दशकात संशोधकांनी उन्हाने बेजार झालेल्या अंड्यांच्या कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजून पाहिलं, आणि कवच सुधारलं. आमच्याकडे अंड्यांचे फार्मवाले खाद्यात किंवा पाण्यात मापाने खाण्याचा सोडा देतात, आणि शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे खडे संध्याकाळी टाकतात. कारण कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं.

मूळची इथलीच, तरी

‘कोंबडी तर आपल्याच देशातली, तिला ऊन कसलं लागतं?’ हा माझ्या सासूबाईंचा प्रश्न. त्यात तथ्य आहे. पाळीव कोंबडीचा पूर्वज म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या जंगलांतला तांबडा रानकोंबडा. पण तो जेमतेम किलोभर वजनाचा आणि झाडीच्या सावलीत राहणारा. सासूबाईंच्या अंगणातल्या गावठी कोंबड्या अजून त्याच वळणाच्या आहेत. ऊन चढलं की त्या कडुनिंबाखाली भुसभुशीत माती उकरून पोट गार मातीला टेकवून बसतात, संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. कुठे बसायचं हे त्यांचं त्या ठरवतात.

माझ्या शेडमधल्या पक्ष्याचं घराणं वेगळं. कॉर्निश आणि व्हाइट प्लायमाउथ रॉक या जातींच्या निवडीतून अमेरिकेत घडत गेलेला हा पक्षी. आज कॉब, रॉस अशा नावांनी जगभर वाढतो. चाळीस ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांत अडीच किलोच्या आसपास जातं. एवढी वाढ व्हायची तर खाणं अफाट, आणि खाणं पचवायचं म्हणजे पोटात सतत भट्टी. शिवाय अंगावर चरबी आणि मांस जास्त, तुरा मात्र लहानसा. म्हणून उन्हाळ्यात सगळ्यात आधी मरतो तो सगळ्यात तगडा पक्षी, तोही विक्रीला दोन-चार दिवस उरले असताना. पहिल्या आठवड्यातली पिल्लं उलट 32-33 अंशांत सुखात असतात. त्यांना तर थंडीत शेगडी लागते. एकाच शेडमध्ये पहिल्या आठवड्यात ऊब द्यायची आणि पाचव्या आठवड्यात तीच काढून घ्यायची, असं हे काम आहे.

पिल्लं उन्हाला सरावतात हेही खरं. इस्रायलमधल्या संशोधकांनी तीन ते पाच दिवसांच्या पिल्लांना एक दिवसभर 36-37 अंशांत ठेवलं, तर ती मोठेपणी उष्णता जास्त सोसतात असं दाखवलं. हळूहळू वाढणारं ऊनही पक्षी चार-सहा दिवसांत अंगवळणी पाडून घेतो. त्यामुळे मे महिन्यातल्या पंचेचाळिसाइतकीच मार्चमधल्या अचानक चढलेल्या चाळिसाचीही मला धास्ती असते.

जेवणाची वेळ बदला

उन्हाळ्यात माझ्या शेडचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. दिवे लावले की पक्षी खाद्यावर येतात. हीच गार वेळ. या वेळी त्यांनी पोटभर खावं. सकाळी नऊ-दहाच्या आत खाद्याची भांडी दोरीने वर उचलली जातात आणि थेट संध्याकाळी पाच-साडेपाचला खाली येतात. मधल्या वेळात फक्त पाणी.

कामाला येणाऱ्या नव्या माणसाला हे निर्दयपणाचं वाटतं. ‘ताई, उपाशी ठेवून कसं वजन भरेल?’ पण खाल्लेलं अन्न पचताना जी उष्णता तयार होते, ती खाल्ल्यानंतर साधारण तीन ते पाच तासांनी टोकाला पोचते. बाराला खाल्लेलं तीन-चारला तापणार, आणि आमच्याकडे तीन-चार हीच दिवसातली सगळ्यात वाईट वेळ. बाहेरची आणि पोटातली भट्टी एकाच वेळी पेटू द्यायची नाही, एवढाच यामागचा विचार. रात्री उजेड वाढवून दिला की पक्षी दुपारचं राहिलेलं खाऊन घेतात. अंड्यांच्या कोंबड्यांसाठी काही जण मध्यरात्री तासभर दिवे लावतात.

खाद्यही बदलतं. नुसती प्रथिनं वाढवून चालत नाही. जास्तीची प्रथिनं पचवताना जास्त उष्णता निघते. त्यापेक्षा तेलाचा अंश वाढवायचा, कारण चरबीतून ऊर्जा मिळते आणि उष्णता कमी तयार होते. प्रथिनांची भरताड करण्याऐवजी मेथिओनिन, लायसिन ही नेमकी अमिनो आम्लं घालायची. कोंबडी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते, आपल्यासारखी लिंबा-आवळ्यावर अवलंबून नसते. पण कडक उन्हात तिचं उत्पादन गरजेला पुरत नाही, म्हणून ते वरून द्यावं लागतं. क्षारांची पूड पाण्यातून जाते. पिल्लं आली त्या दिवशी गुळाचं पाणी देते.

पक्ष्यांना हात लावायची कामंही याच घड्याळात बसवायची. मानमोडीची किंवा गंबोरोची लस, वजन करणं, जमिनीवर अंथरलेला तूस हलवणं, सगळं सूर्य चढायच्या आत नाहीतर मावळल्यावर. भर दुपारी शेडमध्ये धावपळ झाली, कुत्रं शिरलं, फटाका वाजला, की पक्षी कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरतात.

छत, सावली आणि पाणी

शेड बांधतानाच अर्धं काम होतं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन लांब बाजूंनी आत येत नाही. रुंदी तीस फुटांच्या पुढे नको, नाहीतर मधल्या पक्ष्यांपर्यंत वारा पोचत नाही. लांबी हवी तेवढी. माझं शेड तीस बाय दोनशे फुटांचं आहे. बाजूची भिंत फूट-दीड फूटच, वर जाळी, आणि छताची वळचण तीन-चार फूट पुढे आलेली. थंडीत एका पक्ष्याला एक चौरस फूट जागा चालते. उन्हाळ्यात सव्वा हवी. अंथरलेला तूस थंडीत चार इंच, उन्हाळ्यात दोन. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून येणारा हा तूस जाड असेल तर खालून तोही आंबून तापतो.

खरा शत्रू डोक्यावर असतो. मे महिन्यातलं टिनाचं छत हात लावू देत नाही. ते 60 अंशांच्या वर जातं आणि खालच्या पक्ष्यांवर दिवसभर आच फेकतं. त्यावर चुन्याचा जाड हात मारला की ऊन परतवलं जातं. छतावर पऱ्हाटी किंवा तुऱ्हाटी पसरून वर स्प्रिंकलर फिरवला तर आणखी उतार पडतो. भाताच्या मुलखात हेच काम पेंढा करतो, किनाऱ्यावर नारळाची झापं. पऱ्हाटीचा एक धोका मात्र ध्यानात ठेवावा: वाळलेली पऱ्हाटी आणि उघडी वायर एकत्र आली की ठिणगी पुरते. छतावरून वायर नेऊच नये.

पाण्याचं गणित साधं आहे. गार दिवसांत कोंबडी जेवढं खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते. 35 अंशांच्या पुढे तेच चौपट-पाचपट होतं. पण तापलेलं पाणी ती पीत नाही. उन्हातल्या काळ्या टाकीतलं आणि उघड्या नळीतलं पाणी दुपारी चहासारखं होतं, आणि पक्षी निपलला चोच लावून मागे सरकतो. धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या अंगात वाफ करायला ओलच उरली नाही तर मग काय राहिलं? म्हणून टाकी सावलीत, तिच्याभोवती ओलं गोणपाट, पाइप जमिनीखाली, आणि दुपारी दर तासाला लाइन मोकळी सोडून ताजं पाणी आणायचं. भांडी एरवीपेक्षा पाव हिश्श्याने जास्त लावायची, म्हणजे तहानलेल्या पक्ष्याला धापा टाकत लांब चालावं लागत नाही.

कूलर कधी चालतो, कधी नाही

विदर्भातल्या कोणालाही कोंबडीचं शास्त्र समजावायचं तर घरचा कूलर पुरतो. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडलं की खोली हुडहुडी भरेल एवढी गार होते. तोच कूलर जूनमध्ये पहिली सर पडून गेल्यावर नुसता दमट वारा फेकतो, अंग चिकचिकतं, आणि आपण ‘पाणी बंद कर, नुसता पंखा ठेव’ म्हणतो. कोंबडीच्या घशात हेच घडतं. हवा कोरडी असेल तर तिच्या श्वासातली ओल झटकन उडते. हवा ओली असेल तर ती कितीही धापा टाको, वाफ जायला जागाच नसते.

आकड्यांत सांगायचं तर आमच्याकडची 44 अंशांची, 20 टक्के आर्द्रतेची दुपारची हवा पाण्यातून पूर्ण भिजवून नेली तर ती जवळपास 25-26 अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात धुक्यासारखं पाणी फवारणाऱ्या फॉगरने किंवा ओल्या पॅडमधून तिशीच्या आसपास आली तरी पक्षी तरले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात मे महिन्यातली हवा 34 अंश आणि 70 टक्के धरा. ऐकायला किती सुसह्य. पण ती कितीही भिजवली तरी 29च्या खाली जात नाही. तिथे फॉगर लावला तर हवा तर ओलावतेच, शिवाय खालचा तूस चिंब होतो, अमोनियाचा वास सुटतो, रक्ती हगवणीला आमंत्रण मिळतं. किनाऱ्यावर पाण्यापेक्षा वाऱ्याची गरज: बाजू मोकळ्या, पंखे मोठे, पक्षी विरळ.

आमच्याकडे उलटी गोष्ट. 44 अंशांची हवा कोंबडीच्या स्वतःच्या अंगापेक्षाही गरम असते. अशा हवेचा नुसता पंखा पक्ष्यावर सोडला तर तो उष्णता काढून नेत नाही, आणून देतो. म्हणून पश्चिमेच्या बाजूला जाळीवर गोणपाट टांगायचं, ते सतत ओलं ठेवायचं, आणि मगच पंखे. फॉगर अखंड चालवायचा नाही. थोडा वेळ सोडायचा, थोडा वेळ बंद, म्हणजे थेंब हवेतच विरतात आणि तूस कोरडा राहतो. बंदिस्त शेडमध्ये एका टोकाला कूलिंग पॅड आणि दुसऱ्या टोकाला मोठे पंखे, असं हेच काम यंत्राने होतं. पण तिथे वीज गेली आणि जनरेटर उठला नाही, तर अर्ध्या तासात हाहाकार होतो. माझ्यासारखीचं उघडं शेड गरीब खरं, पण वीज गेली तरी ते श्वास घेत राहतं.

इतकं करूनही एखादा पक्षी मान टाकून पडलेला दिसतोच. त्याला उचलून सावलीत न्यावं, पाय आणि पोट साध्या गार पाण्यात बुडवावं, डोकं वर ठेवावं. बर्फाचं पाणी नको. शुद्धीवर आल्याशिवाय चोचीत पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जातं.

उघड्या मानेच्या कोंबड्या

काही गावठी कोंबड्यांची मान जन्मतःच उघडी असते. मुलं हसतात, बाजारात गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण ती उघडी मान एका जनुकाची देणगी आहे. हे जनुक आई-बापांपैकी एकाकडून आलं तर अंगावरची पिसं साधारण वीस टक्के कमी होतात, दोघांकडून आलं तर चाळीसपर्यंत. तेवढं पांघरूण कमी, तेवढी उष्णता मोकळी. उत्तर प्रदेशात इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच गुणावर ‘हितकारी’ आणि कुरळ्या पिसांच्या गुणावर ‘उपकारी’ हे वाण तयार केले. परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या बाईने अशी पिल्लं मिळाली तर रंगरूप न बघता घ्यावीत. त्यांना वर मांडव, खाली मऊ माती आणि सावलीत दोन ठिकाणी मातीच्या परळात पाणी एवढं दिलं की पुष्कळ झालं. दोन ठिकाणी यासाठी, की दांडगी कोंबडी एक परळ अडवून बसते.

धोका टळला असं वाटतं तेव्हा

उन्हाळ्यातली सगळ्यात घातक दुपार नवतप्यातलीच असते असं नाही. मृगाच्या आसपास एका संध्याकाळी सर येते, पारा सात-आठ अंशांनी उतरतो, माणसं अंगणात खाटा टाकतात. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, जमिनीतून वाफा निघतात, वारा पडलेला असतो. पारा 36-37च दाखवतो. आणि अशा दिवशी शेडच्या शेड आडवी झाल्याचे फोन येतात.

पोल्ट्रीत एक जुनी बेरीज वापरतात: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेची टक्केवारी. ती 160च्या पुढे गेली की सावध. नवतप्यात ही बेरीज फसवी असते; 44 अंश म्हणजे 111 फॅरनहाइट, अधिक 20, म्हणजे 131च. तिथे पाराच पुरेसा बोलतो. जूनमधल्या त्या दिवशी मात्र 97 अधिक 70 होतात, म्हणजे 167. म्हणून माझ्या शेडमध्ये पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर आर्द्रतामापक टांगलेला आहे. किंमत काहीशे रुपये. एक मोठा पक्षी मेला तरी त्याहून कमी नुकसान होत नाही.

त्या दिवशी आम्ही सगळं उलटं करतो. फॉगर बंद, गोणपाट काढून टाकलेलं, जाळ्या मोकळ्या, पंखे पूर्ण वेगात, खाद्य सकाळी आठलाच वर. वजनात आलेले पक्षी असतील तर कंपनीच्या सुपरवायझरला फोन करून लिफ्टिंग त्याच रात्री मागून घेते. पक्षी गाडीत भरणं सूर्य मावळल्यावरच, क्रेटमध्ये दोन कमी, आणि गाडी वाटेत चहाला थांबली तर सावलीसाठी नव्हे, वाऱ्यासाठी जागा बघून. पहाटेपर्यंत ती नागपूरला पोचावी लागते. पुढचं काम दुकानदाराचं. चिकनच्या दुकानाबाहेर जाळीचे पिंजरे भर उन्हात, पाण्याच्या भांड्याशिवाय ठेवलेले दिसले, तर गिऱ्हाइकाने तेवढं जरूर बोलून दाखवावं. आमचं कोणी ऐकत नाही, गिऱ्हाइकाचं ऐकतात.